धाकट्याच्या नावानं तेरा हंगाम

युराय होर्न्याकला बेसबॉल कुणी शिकवला असं विचाराल, तर उत्तर एकच. कोळशानं शिकवला. पेन्सिल्व्हेनियातल्या सहा नंबरच्या वस्तीत बाप खाली खाणीत जायचा आणि पोर नऊ-दहा वर्षांचं झालं की वर निवडणीच्या कारखान्यात. उतरत्या पन्हळीतून कोळसा धडधडत यायचा आणि फळीवर ओळीनं बसलेल्या पोरांनी त्यातले दगड वेचून बाजूला टाकायचे. बघायला वेळ नसायचा. डोळ्याआधी हात पोचला पाहिजे, नाहीतर मागून मुकादमाची काठी बसायची. थंडीतसुद्धा हातमोजे घालायची बंदी, कारण हातमोज्यातून दगड कळत नाही. असे सहा हिवाळे ज्या हातांनी काढले, त्यांच्यातून जमिनीलगत सरपटत येणारा चेंडू सुटेल कशाला? रविवारी राखेच्या ढिगाऱ्याशेजारच्या मैदानावर युराय दुसऱ्या बेसपाशी वाकून उभा राहिला, की प्रार्थना आटोपून निघालेले फादरसुद्धा दोन डाव बघूनच घरी जायचे.

१९२५ च्या वसंतात टॅगर्ट नावाचा माणूस आला. खालच्या लीगांसाठी गावोगाव फिरून खेळाडू हेरायचे, हा त्याचा धंदा. त्यानं तीन रविवार युरायचा खेळ पाहिला आणि तिसऱ्या रविवारी सरळ होर्न्याकांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. युरायची आई झुझाना हिनं त्याच्यापुढं बटाट्याचं सारण भरलेले पिरोही ठेवले. तिला इंग्रजी येत नसे. सोळा वर्षांची मुलगी व्हेरोना मध्ये उभी राहून इकडचं तिकडं सांगत होती.

"वय?" टॅगर्टनं खाता खाता विचारलं.

"बावीस," युराय म्हणाला.

टॅगर्टनं काटा खाली ठेवला. "बावीस? अरे देवा. असे हात मी दहा वर्षांत पाहिले नाहीत, आणि हा म्हणे बावीस! बाबा रे, वरचे साहेब लोक हात नंतर बघतात, आधी जन्मसाल बघतात. बावीस म्हणजे शिळी भाकरी. अठराचा असतास तर आत्ता सही घेतली असती."

टॅगर्टनं आणखी एक पिरोही घेतला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खरं वय मला सांगूच नकोस. मी ऐकलं नाही असं समज. घरात एखादा कागद असला तर तो दाखव. मी कागद वाचतो, माणूस नाही वाचत."

व्हेरोनानं आईला सगळं सांगितलं. झुझाना उठली, आतल्या खोलीत गेली आणि पेटीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. एमिल होर्न्याक. जन्म मे १९०६.

एमिल हा तिचा धाकटा मुलगा. तो १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला होता. त्या सहा आठवड्यांत सहा नंबरमध्ये घरटी एकतरी माणूस गेलं. बाप आधीच खाणीत छत कोसळून गेला होता. घरात आई अंथरुणाला, युराय आणि एमिल एकाच खाटेवर तापानं फणफणलेले. पंधरा वर्षांचा उठला आणि बारा वर्षांचा गेला. शेजाऱ्यांनी सुरुंगाच्या दारूच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून शवपेटी केली. फादर स्वतः आजारी होते, त्यामुळं घंटा वाजली नाही की वहीत नोंद झाली नाही, आणि सरकारी कचेरीत जायला पायात बळ कुणाच्या होतं? आईला शुद्ध आली तेव्हा पोराला पुरून चार दिवस झाले होते. तिनं त्याला मातीत जाताना पाहिलंच नाही. आणि कागदावर विचाराल, तर एमिल होर्न्याक जिवंतच होता.

"आई, नको," युराय म्हणाला.

"घेऊन जा," आई म्हणाली. "त्याचं आयुष्य तसंच पडून आहे. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

टॅगर्टनं कागद वाचला, मान डोलावली आणि सही घेतली. जाताना दारात त्यानं एक सल्ला दिला, आणि तोच पुढं गळ्याशी आला. "आजपासून तू एमिल. झोपेत कुणी हाक मारली तरी एमिल. घरी पत्र लिहिशील त्याखालीसुद्धा एमिलच लिही. जीभ घसरते ती नेहमी घरात."

आता यात फार मोठं पाप केलं असं सहा नंबरमध्ये कुणालाच वाटलं नाही, मलाही वाटत नाही. निवडणीवर पोरं चिकटवताना आठ वर्षांच्या पोराला दहाचं सांगणारे आम्हीच. वय वर नेता येतं तसं खाली आणता येतं. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं आणि सगळ्या वस्तीच्या तोंडाला कुलूप होतं. युरायनं मात्र निघताना मनाशी एक गोष्ट पक्की केली आणि ती फक्त व्हेरोनाला सांगितली. "मोठ्या लीगमध्ये पोचलो ना, की त्याच दिवशी पेपरवाल्यांना खरं नाव सांगणार. तिथं पोचलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करतो? तोवर उसनं."

"किती दिवस?" व्हेरोनानं विचारलं.

"दोन वर्षं. फार तर तीन."

पहिली दोन वर्षं बरी गेली. कॅरोलायनातली गिरणीची गावं, मग आयोवा. खाटा मोडक्या, बसगाड्या त्याहून मोडक्या, आणि मैदानं अशी की चेंडू कुठं उसळेल ते देवालाही सांगता यायचं नाही. युराय प्रत्येक डावाआधी आपल्या भोवतालचे खडे वेचून खिशात टाकायचा. दुसऱ्या बेसचं काम तसं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. चेंडू घ्यायचा, पाय बेसला लावायचा, आणि अंगावर घसरत येणाऱ्या गड्याकडं पाठ असतानाच वळून पहिल्या बेसकडं फेकायचा. एका चेंडूत दोघं बाद. तिकडून येणारा खिळ्यांचे बूट वर करून येतो. युरायच्या डाव्या पोटरीवर असे एकोणीस व्रण होते.

सोबतचे खेळाडू त्याची टिंगल करायचे. "एमिल, एकोणीस वर्षांच्या पोराचे गुडघे असे वाजतात होय रे?" युराय म्हणायचा, "आमच्याकडं पोरं जन्मतःच म्हातारी होतात." सगळे हसायचे आणि विषय संपायचा.

दुखणं वेगळंच होतं. हात सोन्याचे, पण बॅट म्हणजे नुसतं लाकूड. वळणारा चेंडू आला की तो शोभेचा उभा. खालच्या लीगांत ते खपून जातं. वर जायचं तर जागा रिकामी व्हावी लागते आणि नशीब त्याच दिवशी जागं असावं लागतं.

तो दर आठवड्याला घरी पत्र लिहायचा, सोबत पेपरातलं कात्रण. खाली सही, एमिल. व्हेरोना रेशमाच्या गिरणीतून आली की आईला वाचून दाखवायची. सुरुवातीला आई हसायची. "बघा, आमच्या युरकोनं किती सोंगं घेतली!" मग हळूहळू ती युरको, हे युरायचं लाडाचं नाव, घेईनाशी झाली. विहिरीवर बायकांना सांगू लागली, "आमच्या एमिलनं काल दोन हिट मारले." बायकांना वाटलं, बाई हुशार आहे, गुपित सांभाळते आहे. व्हेरोनालाही तसंच वाटलं. गुपित सांभाळता सांभाळता माणूस त्याच्या आतच राहायला जातो, हे कुणाच्या लक्षात येणार?

ते लक्षात आलं १९२८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी. युराय हिवाळ्यापुरता घरी आला होता. आमच्याकडं त्या जेवणाला एक ताट जास्त मांडतात, घरच्या गेलेल्या किंवा दूर असलेल्या माणसाचं. साथीनंतर दर वर्षी ते एमिलचं असायचं. आईनं मध आणि लसूण ठेवला, मशरूमचं आंबट सूप वाढलं, आणि युरायचा दंड धरून त्याला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. ती एमिलची खुर्ची. मग तिनं युरायच्या नेहमीच्या जागेपुढं रिकामं ताट मांडलं, त्यापुढं मेणबत्ती लावली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"आई, हे कुणाचं?" युरायनं विचारलं.

"युरकोचं," ती अगदी साधेपणानं म्हणाली. "जेव तू, एमिल. सूप निवतंय."

युरायनं चमचा खाली ठेवला. व्हेरोनानं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. नंतर भांडी घासताना ती त्याला हळूच म्हणाली, "राहू दे. तू नको सांगूस. दहा वर्षं बाईनं धड जेवण घेतलं नव्हतं. आता जेवते, गाणं म्हणते. राहू दे ना."

"आणि मी?"

"तू आहेस ना इथं धडधाकट," व्हेरोना म्हणाली. पण बोलताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

स्वतःच्या मेणबत्तीसमोर बसून जेवणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यानंतर युरायनं मोठ्या लीगचा ध्यास घेतला तो पैशासाठी नव्हे आणि नावलौकिकासाठी तर नव्हेच. त्याचा हिशेब सरळ होता. मोठ्या लीगमध्ये एकदा मैदानावर पाय ठेवायचा, पेपरवाल्याला खरं नाव सांगायचं, सगळ्या पेपरांत ते छापून येईल, व्हेरोना ते आईला वाचून दाखवेल, फादर सांगतील, वस्ती सांगेल, आणि आईला तिचा मोठा मुलगा परत मिळेल. स्वतः तोंडानं सांगायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. छापलेल्या कागदानं घोळ केला होता, तो छापलेल्या कागदानंच निस्तरावा, असं त्याला वाटायचं.

आणि १९३० च्या सप्टेंबरात बोलावणं आलं.

सेंट लुईसच्या मोठ्या संघातल्या दुसऱ्या बेसच्या गड्याचं बोट मोडलं होतं. हंगामाचे नऊ दिवस उरले होते. युराय रात्रभर आगगाडीत ताठ बसून गेला. त्याला गणवेश मिळाला, स्वच्छ धुतलेला, छातीवर संघाचं नाव. मैदान असं की त्यानं सवयीनं खडे वेचायला हात खाली घातला आणि एकही खडा सापडला नाही. गवतावर हात फिरवताना त्याला रडू फुटलं. कुणी बघू नये म्हणून तो बुटाची नाडी बांधत बसला.

दुसऱ्या दिवशी एक पेपरवाला बाकाशी आला. "नवा दिसतोस. नाव, गाव?"

हीच ती वेळ. पण युरायच्या मनात आलं, अजून खेळलो कुठं? आत्ता सांगितलं तर सत्तावीसचा लबाड म्हणून संध्याकाळच्या गाडीत बसवतील. एकदा खेळलो, की आकड्यांत नोंद झाली. मग हाकललं तरी चालेल.

"एमिल होर्न्याक," तो म्हणाला. "पेन्सिल्व्हेनिया. उरलेलं खेळल्यावर सांगतो. मोठी गंमत आहे."

"ठीक आहे, गंमत जपून ठेव," पेपरवाला म्हणाला आणि पुढं गेला.

आठ दिवस युराय बाकावर बसून राहिला. मॅनेजर ओरडायला लागला की तो अर्धवट उठायचा, पण नाव दुसऱ्याच कुणाचं निघायचं. नवव्या दिवशी, शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या डावात, संघ दोन धावांनी मागं होता. तिघे बाद झाले की डाव खलास; एक झाला होता आणि पहिल्या बेसवर एक गडी होता. मॅनेजरनं बाकावर नजर फिरवली. "होर्न्याक, बॅट घे. याच्यानंतर तू."

युराय जाऊन पुढच्या फलंदाजानं थांबायच्या वर्तुळात एका गुडघ्यावर बसला. समोरचा फक्त बाद न होता टिकला की झालं. चार वाइड चेंडू नुसते सोडले तरी बेस फुकट मिळतो. पाचव्या चेंडूवर त्या गड्यानं बॅट फिरवली. चेंडू जमिनीलगत, सरळ दुसऱ्या बेसच्या दिशेनं. तिथल्या खेळाडूनं तो उचलला, बेसला पाय लावला, वळला, फेकला. एका चेंडूत दोघं बाद. जे युरायनं आयुष्यात हजारदा केलं होतं, तेच त्याच्या डोळ्यांदेखत झालं, आणि मान्य करायला हवं, फार सुरेख झालं. लोक टोप्या घालून घरी निघाले. युराय वर्तुळात गुडघ्यावरच होता. शेवटी मैदान साफ करणाऱ्या माणसानं येऊन त्याला उठवलं.

जो मैदानावर उतरला नाही त्याचं नाव कुठंच लागत नाही. नऊ दिवस त्यानं तो गणवेश घातला, पण कागदाच्या लेखी तो तिथं गेलाच नाही. युरायही नाही आणि एमिलही नाही. तो पेपरवाला पुन्हा भेटला नाही. पुढच्या वर्षी सेंट लुईसला वीस वर्षांचा नवा पोरगा मिळाला, तो वळणारा चेंडू झोडपायचा.

उतार लागला की कोळसा थांबत नाही. एकेक वर्षानं युराय एकेक पायरी खाली आला. मंदीत लीगा बंद पडल्या, संघ बुडाले. तो टेक्सासमध्ये खेळला, जॉर्जियात खेळला. हिवाळ्यात घरी जायचं त्यानं बंद केलं. सरकीच्या तेलगिरणीत राहायचा, लाकडाच्या वखारीत राहायचा, पण त्या खुर्चीवर बसायला जायचा नाही. याबद्दल त्याला बोल लावणारे वस्तीत होते. आईला टाकून दिली म्हणायचे. बोलणाऱ्याचं काय जातं? स्वतःच्या आईनं परक्याच्या लाडानं जवळ घ्यावं, ते कसं सोसावं हे त्यांनी सांगावं आधी.

१९३३ मध्ये जॉर्जियात लोरेटा नावाची एक बाई होती. टपाल कचेरीत टपाल वाटून लावायची, नवरा मेलेला, हसरी. सामना संपला की ती त्याच्यासाठी लिंबाचं सरबत घेऊन कुंपणापाशी उभी असायची. ती त्याला एमिल म्हणायची आणि प्रत्येक हाकेला युरायच्या आत काहीतरी टोचायचं. लग्नाचं ठरलं. तिथल्या फादरनी सांगितलं, गावाकडच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागवा. सांगण्यात काहीच वावगं नव्हतं. पण दाखला कुणाचा मागवायचा? युरायचा मागवावा तर संघ जाणार आणि लोरेटाला इतके दिवस फसवलं हे उघड होणार. एमिलचा मागवावा तर मेलेल्या भावाचं लग्न लावणार का देवासमोर? त्याचं घोडं तिथंच अडलं.

"दाखला कधी येणार रे?" ती विचारायची.

"येईल," तो म्हणायचा.

चार महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं. पाचव्या महिन्यात सरबत घेऊन येणंही सोडलं. तिला वाटलं, याला लग्नच नको आहे. युरायनं तो समज दूर केला नाही, आणि याचं कारण भित्रेपणा हेच. चांगल्या बाईचं मन असं मोडलं याबद्दल त्याला माफ करता येत नाही, आणि त्यानंही स्वतःला कधी केलं नाही.

१९३७ च्या जुलैमध्ये, सर्वांत खालच्या लीगमधल्या एका गावात, मॅनेजरनं त्याला खोलीत बोलावलं. मॅनेजर स्वतः एके काळचा फलंदाजामागं चेंडू पकडणारा गडी, सगळी बोटं वाकडी.

"एमिल, दार लाव."

या धंद्यात 'दार लाव' म्हटलं की पुढचं ऐकायची गरज नसते. युरायनं दार लावलं.

"एकतीस म्हणजे काही म्हातारपण नाही," मॅनेजर त्याच्याकडं न बघता म्हणाला, "पण तुझे गुडघे पन्नाशीचे आहेत, बाबा. आता एकोणीस वर्षांचा एक येतोय. खरा एकोणीस. मी दाखला पाहिलाय त्याचा."

"मी चौतीसचा आहे," युराय म्हणाला. तेरा हंगामांत पहिल्यांदा.

मॅनेजर खुर्चीत मागं टेकला. त्याला राग आला नाही. "कधीतरी वाटलं होतं मला," तो म्हणाला. "आता सांगून काय उपयोग?"

"काही नाही. सांगावंसं वाटलं. माझं नाव युराय."

"नशीब चांगलं असो, युराय," मॅनेजर म्हणाला. उच्चार चुकला, पण तो म्हणाला खरा. युरायनं त्याचे आभार मानले. बस सुटायला तास होता, तो त्यानं थांब्यावर उन्हात उभं राहून काढला.

दीड दिवसाचा प्रवास. वाटेत त्यानं मनाशी वाक्य घोटून ठेवलं. आई, मी युरको. एमिल साथीतच गेला. आता मोठी लीग नाही, पेपर नाही, कुणाचा आधार नाही. जे तोंडानं सांगायला भ्यालो तेच आता तोंडानं सांगायचं. नाव तर परत मिळेल. तेवढं तरी मिळेल.

व्हेरोना त्याला वस्तीच्या तोंडाशीच भेटली. गिरणीतून येत होती. अठ्ठावीस वर्षांची, पण डोक्यावर पाच-सहा पांढरे केस. त्यानं हातातली पेटी खाली ठेवली तशी तिला सगळं समजलं.

"काढलं?"

"काढलं."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून जरा रडली, मग खिशातल्या रुमालानं तिनं तोंड पुसलं. "एक कर," ती घाईघाईनं म्हणाली. "आईला सांगू नकोस. पत्रं मी लिहीन. कात्रणं कोण बघतंय? असंही मी कित्येक वर्षं खरं वाचत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू ज्या दिवशी एकही हिट मारायचा नाहीस त्या दिवशी मी दोन वाचायची. रविवारी तीन. घरी तू फार भारी खेळतोस रे, युरको."

युरायला हसू आलं. "नाही," तो म्हणाला. "बास आता. मी सांगणार आहे."

आई दारातच शेंगा सोलत बसली होती. सहा वर्षांत ती अर्धी झाली होती. युराय तिच्यासमोर पायरीवर बसला. पाठ केलेलं वाक्य त्यानं काढलं, पण त्यातलं पहिलंच तेवढं बाहेर आलं.

"आई, मी युरको."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. चेहरा, केस, हात. मग त्याच्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं पाहिलं.

"आणि एमिल?"

"एमिल येणार नाही, आई."

तिच्या मांडीवरचं भांडं घरंगळलं. शेंगा पायरीवरून खाली सांडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

"गेला?"

"गेला."

"जवळ कोण होतं?"

"मी होतो," युराय म्हणाला. आणि मग त्या खाटेवरचं त्यानं सांगितलं. एकोणीस वर्षांत तिनं ते कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तापात एमिलचे पाय कसे थंड पडले होते आणि यानं ते आपल्या पायांत कसे घेतले होते. त्यानं दोनदा पाणी मागितलं. मग विचारलं, आई कुठंय. "मी म्हटलं, येतेय, पलीकडच्या खोलीतच आहे. तो म्हणाला, बरं. तेवढंच, आई. त्याला त्रास झाला नाही."

झुझाना रडली. साथीच्या वेळी तापात रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं रडली. व्हेरोना आत धावली, शेजारच्या बायका जमल्या. कुणी काही विचारलं नाही. बायकांनी सरळ चुलीवर पाणी ठेवलं. एकीनं पाव आणला, एकीनं कोबी, आणि अंधार पडायच्या आत घरात मयताच्या घरी असतं तसं जेवण शिजलं. फादर येऊन प्रार्थना म्हणून गेले. वर्षाचा उल्लेख त्यांनी केला नाही. आमचे फादर शहाणे होते.

माणसं गेल्यावर आई टेबलाशी बसली होती, डोळे सुजलेले, पण मन ठिकाणावर असल्यासारखी. तिनं युरायचा हात आपल्या हातात घेतला. वाकडी झालेली बोटं, तळव्याचे घट्टे, एक एक तपासलं. युराय वाट बघत होता. आता ती विचारेल, हे कसं झालं, आणि मग उरलेलं वाक्यही सांगता येईल. तेरा हंगामांचं सगळं. सेंट लुईसचं गवतसुद्धा.

"आणि तू रे?" आईनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं दुःख होतं. "तू कुठं होतास इतकी वर्षं? एमिल दर आठवड्याला लिहायचा. तुझं एक पत्र नाही. मी मेणबत्ती लावायची तुझ्या नावानं, दर नाताळला."

व्हेरोना चुलीपाशी थबकली. "आई, अगं तोच—"

युरायनं मान हलवली. आई त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिच्याकडं दोन मुलगे होते, एक आत्ता परत आलेला आणि एक उन्हात खेळून आज गेलेला. दुसऱ्याचे तेरा उन्हाळे तेवढे तिच्यापाशी उरले होते, ते कसे काढून घ्यायचे?

"खाली होतो, आई," युराय म्हणाला. "खाणीत."

"बापाच्या वाटेनं गेलास तर." तिनं त्याचे कपाळावरचे केस मागं सारले. "खाणीतल्या माणसाला कुठली फुरसत लिहायला. असू दे. एमिलला तरी ऊन मिळालं. चांगले दिवस बघितले त्यानं."

"हो," युराय म्हणाला. "फार चांगला खेळायचा तो."